सरासरी सोडा, बेरीज धरा

मैत्रिणींनो, तुमच्या घरात स्पर्धा परीक्षेचे पुस्तक आहे का? बहुतेक घरांत असते. मुलगा नाही तर पुतण्या, नणंद नाही तर भाची, कोणी ना कोणी बँकेची, तलाठ्याची, पोलिसांची नाही तर रेल्वेची परीक्षा देत असते. ते जाडजूड पुस्तक टीव्हीशेजारी पडलेले असते. आपण त्यावरची धूळ पुसतो आणि पुन्हा तिथेच ठेवून देतो. आज माझे एक ऐका. पुढच्या वेळी धूळ पुसाल तेव्हा ते उघडा आणि ‘सरासरी’ हे प्रकरण काढा. त्यात वयांची उदाहरणे असतात. वाचून तुम्हाला वाटेल, अगंबाई, हे तर आपल्याच घराविषयी लिहिले आहे! सासू-सासरे, नवरा-बायको, नव्याने आलेली सून, पाळण्यातले बाळ. इतकी नातीगोती गणिताच्या दुसऱ्या कुठल्या प्रकरणात सापडायची नाहीत.

आणि तरीही नेमक्या याच उदाहरणांपाशी आपल्यातल्या कितीतरी जणी पुस्तक मिटतात. “मला नाही बाई गणित येत,” असे म्हणून मोकळ्या होतात. आज मी लिहायला बसले आहे ती एवढेच सांगायला, की हे गणित आपल्याला येते. रोज आपण ते करतोच. फक्त पुस्तकातली त्याची भाषा वेगळी असते.

मी काही गणिताची पदवीधर नाही. मी बी. ए., तेही मराठी घेऊन. आमच्या चाळीसगावातल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, आणि उरलेला वेळ घर, सासू-सासरे नि मुलगा. या उदाहरणांच्या वाटेला मी गेले ती माझ्या धाकट्या जावेमुळे. ती आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. दिरांचा कारखाना बंद पडला, तेव्हापासून ते मिळेल ते काम करतात. दोन मुलांच्या फिया, घराचे भाडे, सगळे कसेबसे ओढायचे. तेव्हा हिने ठरवले, आपण तलाठ्याची परीक्षा द्यायची. पदवी आहे, अक्षर सुरेख आहे, कष्टाची तयारी आहे. पण वय छत्तीस!

राज्य सरकारच्या बहुतेक सरळसेवा पदांना खुल्या गटासाठी वयाची अट ३८ वर्षांची आहे, मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांची. २०१६ साली ती वाढवून एवढी झाली. त्याआधी खुल्या गटाला ३३ होती. म्हणजे जुनाच नियम राहिला असता तर आमच्या या बाईसाठी दार केव्हाच लागले असते. आता दोन वर्षे हाताशी आहेत. त्यातून भरती काही दरवर्षी निघत नाही. तलाठ्यांची मोठी भरती २०१९ नंतर एकदम २०२३ साली झाली. तेव्हा पुढची जाहिरात निघेल त्या वेळी तयारी पुरी असायलाच हवी. “बघू पुढच्या खेपेला” म्हणायची सोय तिला नाही.

२०२३ च्या त्या परीक्षेत १०० प्रश्न आणि दोन तास होते. त्यांतले २५ प्रश्न बुद्धिमत्ता नि अंकगणिताचे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. चहाला आधण येते, त्याहूनही कमी. मराठीत ती अडत नव्हती, सामान्य ज्ञानात अडत नव्हती. अडत होती ती अंकगणिताशी. एका क्लासमधून तिने सूत्रांची वही आणली होती. सूत्रे अगदी घडाघडा म्हणायची. पण उदाहरण समोर आले की, इथे अधिक करायचे की वजा, तिथेच गाडी थांबायची.

एका दुपारी झाकपाक झाल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली. उदाहरण होते असे : ‘सहा वर्षांपूर्वी लग्न झाले तेव्हा पती-पत्नीचे सरासरी वय २४ होते. त्यानंतर त्यांना एक मूल झाले. आज तिघांचे सरासरी वय २१ आहे. तर मुलाचे वय किती?’ तिने चटकन मांडले. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस, सहा वर्षे झाली म्हणून अधिक सहा, चोपन्न. आज एकवीस त्रिक त्रेसष्ट. त्रेसष्टातून चोपन्न गेले, नऊ उरले. पर्यायांतही ९ होतेच. तिने त्यावर खूण केली.

मी म्हटले, “अगं, लग्नाला वर्षं किती झाली?”

“सहा.”

“आणि मूल?”

ती क्षणभर वहीकडे बघत राहिली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. “ताई, सहा वर्षांच्या संसारात नऊ वर्षांचं मूल!”

मैत्रिणींनो, सारी गंमत इथेच आहे. सहा वर्षे गेली ती एकट्या नवऱ्यावरून गेली नाहीत. बायकोवरूनही गेली. दोघांची मिळून बारा वर्षे वाढली. अठ्ठेचाळीस अधिक बारा, साठ. त्रेसष्टातून साठ गेले, मूल तीन वर्षांचे. पुस्तकवाले हुशार असतात. घाईत जे चुकीचे उत्तर यायचे तेच ते पर्यायांत मुद्दाम ठेवतात. पण आपण उत्तराकडे जरा घरच्या नजरेने पाहिले तर ते आपोआप उघडे पडते.

त्या दिवसापासून मी तिला एकच गोष्ट सांगत आले. सरासरी सोड, बेरीज धर.

म्हणजे काय ते सांगते. सरासरी वय हे कोणाचेही वय नसते. आमचेच घर घ्या. सासरे ७०, सासूबाई ६६, आमचे हे ४२, मी ३८ आणि मुलगा १४. बेरीज २३०, माणसे पाच, सरासरी आली ४६. आता आमच्या घरात सेहेचाळीस वर्षांचे कोण आहे? कोणीच नाही! सरासरी म्हणजे फक्त सारखी वाटणी. पाच डब्यांत कमी-जास्त लाडू असतील तर सगळे एका परातीत ओतायचे आणि पाच डब्यांत सारखे भरायचे. एका डब्यात जेवढे येतील ती सरासरी. खरा माल परातीत असतो. म्हणून उदाहरणात सरासरी दिसली रे दिसली की तिला माणसांच्या संख्येने गुणायचे आणि परातीतला माल, म्हणजे बेरीज, परत मिळवायची. मग घरात कोणी आले तर अधिक, कोणी गेले तर वजा. याला सूत्र कशाला पाठ करायला हवे?

सुनेचे उदाहरण बघा. ‘घरात चार माणसे, सरासरी वय ४०. लग्न होऊन सून आली आणि सरासरी ३७ झाली. सुनेचे वय किती?’ आधी चार चाळीस एकशे साठ. आता पाच सदतीस एकशे पंच्याऐंशी. फरक पंचवीस. सून पंचवीस वर्षांची. इथे वहीतले सूत्र विचारते, अधिक की वजा. लाडूंवरून बघितले तर विचारायलाच नको. चौघांच्या डब्यांत चाळीस-चाळीस होते, ते सदतीस-सदतीसवर आले. म्हणजे प्रत्येकाने तीन-तीन दिले, एकूण बारा. ते बारा मिळाल्यावर सुनेचा डबा सदतीसचा झाला. मग तिने स्वतःचे किती आणले होते? पंचवीस. हेच शॉर्टकटचे सूत्र, पण आता ते समजून आले. आणि समजून आलेले परीक्षेच्या धांदलीत पळून जात नाही.

दुसरी गोष्ट काळाची. वर्षे गेली की ती सगळ्यांवरून सारखी जातात. सहा माणसांच्या घरात तीन वर्षे गेली तर बेरीज तीनने वाढत नाही, अठराने वाढते. सरासरी मात्र तीननेच वाढते, कारण वाढही सर्वांत सारखी वाटली जाते. जे वाचताना बोट ठेवायचे ते इथे : माणसे तीच आहेत का? तीच असतील तर सरासरीत नुसती वर्षे मिळवा, काम झाले. मध्येच कोणी आले-गेले असेल तर बेरजेकडे वळा.

याच्यावर एक उदाहरण मला फार आवडते. ‘चार वर्षांपूर्वी एका घरातल्या चौघांचे सरासरी वय १८ होते. मध्यंतरी बाळ झाले, आणि आज पाचही जणांचे सरासरी वय तेवढेच, १८ आहे. बाळाचे वय काय?’ चार अठरे बहात्तर. चौघांवरून चार-चार वर्षे गेली, सोळा. झाले अठ्ठ्याऐंशी. आज पाच अठरे नव्वद. बाळ दोन वर्षांचे. हे सोडवून झाल्यावर जाऊ म्हणाली, “म्हणजे ताई, सगळे चार वर्षांनी म्हातारे झाले, पण घर नाही झालं.” गणिताच्या वहीत मी असे वाक्य पूर्वी कधी ऐकले नव्हते!

तिसरी गोष्ट अदलाबदलीची. ‘आठ जणींच्या बचत गटातून ४६ वर्षांच्या एक बाई गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, आणि गटाचे सरासरी वय २ वर्षांनी कमी झाले. नव्या बाईंचे वय?’ घाईत माणूस म्हणतो, सेहेचाळीस वजा दोन, चव्वेचाळीस. पण विचार करा. आठ जणींच्या गटात एक बाई दोन वर्षांनी लहान आली, एवढ्याने आठही जणींच्या वाट्याचे दोन-दोन कमी होतील का? तीन लिटर दुधात चमचाभर साखर घालून कधी बासुंदी झाली आहे? सर्वांच्या वाट्याला दोन-दोन कमी यायचे तर बेरीज आठ दुणे सोळाने उतरायला हवी. तेव्हा नव्या बाई सेहेचाळीस वजा सोळा, म्हणजे तीस वर्षांच्या. इथे आधीची सरासरी दिलेलीच नाही, म्हणून पुष्कळ जणी अडतात. पण ती लागतच नाही. बेरीज कितीने हलली एवढेच कळले की पुरे.

चौथी गोष्ट, दोन सरासऱ्यांची सरासरी काढू नये. ‘वर्गात ३० मुली, सरासरी वय १४, २० मुलगे, सरासरी वय १५. तर वर्गाचे सरासरी वय?’ चौदा नि पंधराच्या मधले म्हणून साडेचौदा लिहिले की गुण गेला. मुली जास्त आहेत, त्यामुळे उत्तर चौदाच्या बाजूला झुकायला हवे. बेरीज मांडा : तीस चौदे चारशे वीस, वीस पंधरे तीनशे, मिळून सातशे वीस. भागिले पन्नास, उत्तर १४.४. हे आपल्याला वाण्याच्या दुकानात कोणी शिकवावे लागत नाही. साठ रुपयांचा तांदूळ दोन किलो आणि नव्वदचा एक किलो घेऊन एकत्र केला, तर किलोला काय पडला? पंचाहत्तर म्हणणाऱ्याला आपण वेड्यात काढू. एकशे वीस नि नव्वद, दोनशे दहा रुपये, तीन किलो, सत्तर रुपये. दुकानात आपण फसत नाही. मग परीक्षेच्या दालनात का फसावे?

सरासरीची ही रीत काही आजकालची नव्हे. आमच्या चाळीसगावाहून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी आहे. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची हकिगत त्यात आहे. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ ११५० सालचा. त्यातली कितीतरी गणिते एका मुलीला उद्देशून विचारली आहेत. त्यात खड्डा किंवा विहीर खणल्याच्या हिशोबाचे प्रकरण आहे. खड्ड्याची रुंदी सगळीकडे सारखी नसेल तर काय करावे? वेगवेगळ्या ठिकाणी मोजावी, त्या मापांची बेरीज करावी, आणि जितक्या ठिकाणी मोजले त्या संख्येने भागावे. म्हणजे पावणेनऊशे वर्षांपूर्वीही आधी बेरीज, मग भागाकार! आणि ज्या पुस्तकाचे नावच एका स्त्रीचे आहे, त्या विद्येला आपण “बायकांना नाही जमत” म्हणून दूर लोटतो, याला काय म्हणावे?

आता तयारी कशी करायची ते सांगते. आम्ही दोघी आठवड्यातून चार दुपारी एक-एक तास बसलो. पहिले पंधरा दिवस घड्याळ बाजूला ठेवले. उदाहरण वाचायचे आणि बाजूला चारच रकाने काढायचे : आधी माणसे किती, त्यांची बेरीज किती, आता माणसे किती, त्यांची बेरीज किती. चारांपैकी तीन रकाने उदाहरणातच मिळतात, चौथा आपण भरायचा. हात बसल्यावर मग घड्याळ लावले. सोबत १ ते ३० पर्यंतचे पाढे पुन्हा पाठ केले. ते तिच्या मुलांबरोबरच झाले, त्यामुळे मुलांचाही फायदा झाला. शिवाय एक सवय मी आग्रहाने लावली. खूण करण्याआधी दोन सेकंद उत्तराकडे बघायचे. मूल लग्नाआधीचे तर नाही ना? सासूबाई सुनेपेक्षा लहान तर नाहीत ना? नवा माणूस आल्यावर सरासरी उतरली असेल, तर तो जुन्या सरासरीपेक्षा लहान आहे ना? एवढ्या चौकशीनेच चारांतले दोन पर्याय कित्येकदा गळतात. बँकेच्या लेखनिक पदाच्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, तिथे तर ही चौकशी फारच उपयोगी.

पाच उदाहरणे पाच मिनिटांत, इथवर जाऊ आता पोचली आहे. शेकडेवारी, काळ-काम-वेग अजून बाकी आहेत. ती जाहिरातीच्या वाटेवर डोळे लावून आहे. यादीत नाव लागेल की नाही, ते मी कसे सांगू? हजारो पोरे-पोरी दिवसातले बारा-बारा तास अभ्यास करतात, हिला मिळतात तीन. पण एक बदल मी डोळ्यांनी पाहिला. परवा तिच्या मुलीचे गणित अडले, तेव्हा तिने “बाबांना विचार” म्हटले नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “आण इकडे, आधी बेरीज मांड.” दीर दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक होईपर्यंत मुलांना बाहेर घेऊन जाऊ लागले, हिला वाचायला मिळावे म्हणून. तिच्या तीन तासांचे चार झाले ते असे.

तुमच्यापैकी काही जणींची वयोमर्यादा उलटून गेली असेल. काहींना नोकरी करायचीच नसेल. तरी हे प्रकरण सोडू नका. घरातल्या मुलाला शिकवणीला पाठवण्याआधी तुम्ही त्याच्यापाशी बसू शकता. आणि ज्यांची वर्षे अजून शिल्लक आहेत, त्यांनी आपली जन्मतारीख आणि परीक्षेची अट आजच कागदावर शेजारी शेजारी लिहावी. किती उरले ते मोजावे. घाबरायचे नाही, पण मोजायचे.

जाता जाता एक उदाहरण तुमच्यासाठी. आपल्या भिशीत दहा जणी आहेत, सरासरी वय ३५. चव्वेचाळीस वर्षांच्या एक बाई बदली होऊन दुसऱ्या गावी गेल्या. उरलेल्या नऊ जणींचे सरासरी वय किती? भाजी फोडणीला टाकून झाकण ठेवा आणि तेवढ्या वेळात करा. परातीतला माल आधी मोजा, गेलेल्या बाईंचा वाटा काढा, मग नऊ डब्यांत भरा. उत्तर ३४ यायला हवे. आले ना? मग ते टीव्हीशेजारचे पुस्तक उघडायला हरकत नाही.